खांदा बोटांनी शिका : नवख्यांसाठी पायरीपायरीने

फिजिओथेरपी, नर्सिंग किंवा मेडिकलच्या पहिल्या वर्षाला खांदा सुरू झाला की मुलं आधी स्नायूंची यादी पाठ करायला बसतात. कुठून निघतो, कुठे चिकटतो, नस (म्हणजे मज्जातंतू) कोणती, काम काय. एकट्या खवाट्याला (पाठीवरच्या त्रिकोणी हाडाला) १७ स्नायू चिकटलेले असतात, त्यामुळे यादी लांबत जाते. व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, आदल्या रात्री ती डोक्यात असते आणि परीक्षा झाली की पुसली जाते. माझं ठाम मत आहे की खांदा आधी बोटांनी शिकावा, पुस्तक त्यानंतर उघडावं. इथली बहुतेक हाडं कातडीच्या लगेच खाली आहेत. ती हाताला लागली की कोणता स्नायू कुठून कुठे गेला असेल याचा निम्मा अंदाज आपोआप येतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. खांदा हा एक सांधा नाही. हात वर जातो तेव्हा चार ठिकाणी हालचाल होते: छातीचं हाड आणि कॉलरबोन यांच्यामध्ये, कॉलरबोन आणि खवाटा यांच्यामध्ये, खवाटा आणि दंडाचं हाड यांच्यामध्ये, आणि खवाटा बरगड्यांवरून सरकतो तिथे. चौथ्या ठिकाणी हाडाला हाड जोडलेलं नाही, मध्ये फक्त स्नायू आहेत, तरी ती जागा अडली की हात अडतो. पुढचं सगळं या चार जागा बोटाखाली आणण्यासाठी आहे. योग शिकवणाऱ्यांना, जिममधल्या ट्रेनरना किंवा घरात कुणाचा खांदा आखडलाय म्हणून समजून घ्यायचं असणाऱ्यांनाही हे करता येईल.

आधी तयारी

जोडीदार लागेल. स्वतःच्या खांद्याची पुढची बाजू आपली आपल्याला चाचपता येते, खवाटा येत नाही. हात लावण्याआधी तोंडाने विचारा, कुठे लावणार ते सांगा आणि "दुखलं तर लगेच सांग" असं म्हणा. मुलामुलींच्या मिश्र बॅचमध्ये तर हे न चुकता करायचं. पेशंटपुढे उभं राहाल तेव्हा हीच सवय कामाला येते.

नखं कापलेली असावीत आणि हात कोमट. जोडीदाराला पाठ नसलेल्या स्टुलावर बसवा, हात मांडीवर सैल सोडायला सांगा. खांदा आणि खवाटा उघडे दिसतील असे कपडे हवेत. खुणा करायला भुवयांची पेन्सिल उत्तम, कातडीवर सहज उमटते आणि ओल्या कापसाने पुसली जाते. चाचपताना तर्जनी आणि मधलं बोट वापरा, तेही पेराच्या मऊ भागाने. जोर लावला की समोरच्याला दुखतं आणि आपल्या बोटाला उलट कमी कळतं.

छातीच्या खळगीपासून कॉलरबोन

गळ्याखाली, दोन कॉलरबोनच्या मधोमध जी खळगी आहे तिथे बोट ठेवा. तिथून थोडं बाजूला सरकलं की कॉलरबोनचं जाड, गोल टोक लागतं. छातीच्या हाडापेक्षा ते किंचित वर उठलेलं असतं. बोट तिथेच ठेवून जोडीदाराला खांदे कानाकडे उचलायला सांगा. खांदा वर जातो आणि हे आतलं टोक बोटाखाली खाली सरकतं. पहिली जागा सापडली.

या जागेचं महत्त्व मुलांच्या लक्षात येत नाही म्हणून थांबून सांगतो. अख्खा हात, बोटांपासून खवाट्यापर्यंत, धडाच्या सांगाड्याला हाडाने जोडला गेलाय तो फक्त इथे. बाकी सगळं स्नायूंनी धरलेलं आहे. तुम्ही जड पिशवी उचलता तेव्हा वरून खांदा पेलून धरणारे स्नायू आणि हा लहानसा सांधा, दोघांवर भार असतो. सांधा इतका उघडा असूनही सहसा निखळत नाही, कारण त्याचे लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारे पट्टे, फार चिवट आहेत. धक्का जोराचा बसला तर बहुतेक वेळा आधी कॉलरबोन मोडतं.

आता बोटं कॉलरबोनवरून बाहेरच्या बाजूला न्या. हे हाड सरळ नाही. आतला दोन तृतीयांश भाग पुढे फुगलेला आहे, बाहेरचा एक तृतीयांश मागे वळलेला. दोन वळणं जिथे मिळतात त्याच्या आसपास हाड सर्वांत कमकुवत असतं आणि हात टेकून किंवा खांद्यावर पडल्यावर बहुतेक वेळा तिथेच मोडतं. मोडलेल्या हाडाचा आतला तुकडा मानेचा स्नायू वर ओढतो आणि बाहेरचा तुकडा हाताच्या वजनाने खाली येतो. म्हणून असा माणूस दुखरा हात दुसऱ्या हाताने उचलून धरून दवाखान्यात येतो. तो तसा का धरतो हे एकदा कळलं की स्लिंग (हाताची झोळी) कशासाठी देतात हेही कळतं.

आणखी एक माहिती, जी मला स्वतःला फार आवडते. आईच्या पोटात असताना शरीरात सर्वांत आधी ज्या हाडात कठीणपणा यायला लागतो ते हाड हेच, पाचव्या-सहाव्या आठवड्यात. आणि त्याच्या आतल्या टोकाची वाढ बाकी लांब हाडांच्या नंतर, विशी ओलांडल्यावर संपते. वयाचा अंदाज बांधताना न्यायवैद्यक तज्ज्ञ या टोकाकडे म्हणूनच बघतात.

खांद्याचा माथा

कॉलरबोनच्या वरच्या बाजूने बोट पार बाहेर नेलंत की एक छोटी पायरी लागते. कॉलरबोन संपतं आणि किंचित खाली एक सपाट हाड सुरू होतं. ते सपाट हाड म्हणजे अ‍ॅक्रोमियन, खवाट्याचंच पुढे आलेलं टोक. त्या पायरीवर दुसरी जागा आहे, कॉलरबोन आणि खवाट्याचा सांधा. सापडत नसेल तर बोट तिथे ठेवून जोडीदाराचा हात हलकेच पुढे-मागे झुलवा, फट जाणवेल.

दोन्ही बाजूंची पायरी ताडून बघा. काहींची मुळातच ठळक असते. एकाच बाजूची उंच असेल तर तो माणूस कधीतरी खांद्याच्या माथ्यावर पडलाय का ते विचारा. कबड्डी, कुस्ती, दुचाकीवरून पडणं, या सगळ्यांत हा सांधा ताणला किंवा फाटला जातो. खवाट्याला कॉलरबोनपासून लोंबतं ठेवणारे दोन भक्कम लिगामेंटही फाटले तर कॉलरबोनचं टोक शर्टावरूनही दिसेल इतकं वर येतं.

अ‍ॅक्रोमियनच्या बाहेरच्या कडेवर पेन्सिलने रेघ काढा. ही रेघ पुढे इंजेक्शनच्या वेळी लागणार आहे.

मागची बाजू : खवाटा

जोडीदाराच्या मागे जा. अ‍ॅक्रोमियनवरून बोट मागे सरकवलं की एक कोपरा लागतो आणि तिथून हाडाचा एक कंगोरा पाठीच्या कण्याच्या दिशेने, किंचित खाली उतरत जातो. तो शेवटपर्यंत चाचपा. कण्याजवळ तो सपाट होऊन संपतो, ती जागा साधारण तिसऱ्या छाती-मणक्याच्या पातळीवर असते. कंगोऱ्याच्या वरच्या खोलगट भागात सुप्रास्पायनेटस हा स्नायू, खालच्या मोठ्या भागात इन्फ्रास्पायनेटस. दोन्ही नावांचा अर्थच कंगोऱ्याच्या वर आणि कंगोऱ्याच्या खाली असा असल्याने पाठ करायला काही उरत नाही.

आता खवाट्याची आतली कड. जोडीदाराला हात कमरेमागे न्यायला सांगा, आपण मागच्या खिशातून पाकीट काढतो तसा. आतली कड वर उचलली जाते आणि तिच्याखाली बोटं घालता येतात. कडेने खाली उतरा आणि सर्वांत खालचं टोक शोधा. हात पुन्हा मांडीवर सैल ठेवला की हे टोक सातव्या छाती-मणक्याच्या जवळपास येतं. पाठीवर मणके मोजताना याहून सोपी खूण नाही. खवाटा एकूण दुसऱ्या ते सातव्या बरगडीवर पसरलेला असतो. कंगोरा, आतली कड, खालचं टोक, सगळं पेन्सिलने रेखाटा. नवख्यांना नेहमी आश्चर्य वाटतं की हाड कल्पनेपेक्षा मोठं आहे आणि सपाट न बसता पुढच्या बाजूला तिरकं बसलंय. म्हणूनच हात बरोबर बाजूला न उचलता जरासा पुढे, तिरका उचलला तर बऱ्याच जणांना सोपं जातं.

पुढे परत, दोन अवघड जागा

पहिली कोराकॉइड. कॉलरबोनचा बाहेरचा एक तृतीयांश जिथे आत वळतो तिथून साधारण अडीच सेंमी खाली या आणि बोट मागे व किंचित बाहेर दाबा. डेल्टॉइडच्या (खांद्याला गोलाई देणाऱ्या स्नायूच्या) पुढच्या धाग्यांखाली एक टणक गोळा लागेल. हा खवाट्याचाच भाग, पुढे डोकावलेला. इथे दाबलं की निरोगी माणसालाही दुखतं, त्यामुळे हळू दाबा आणि तेवढ्यावरून दुखणं आहे असं समजू नका. बायसेप्सचं आखूड डोकं, कोराकोब्रॅकिअ‍ॅलिस आणि पेक्टोरॅलिस मायनर, तिन्ही स्नायू इथे येऊन चिकटतात.

दुसरी जागा दंडाच्या हाडाचे दोन उंचवटे आणि त्यांच्यामधली खाच. ही घाईत सापडत नाही. जोडीदाराचं कोपर ९० अंशांत वाकवून अंगाला टेकवा, पंजा समोर. तुमचं बोट अ‍ॅक्रोमियनच्या पुढच्या टोकाच्या अगदी खाली, दंडाच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला ठेवा. दुसऱ्या हाताने त्याचं मनगट धरून पंजा हळूहळू बाहेर फिरवा, बोट मात्र हलवू नका. बोटाखालून आधी मोठा उंचवटा सरकतो, मग बोट किंचित आत बसतं, मग लहान उंचवटा येतो. बोट बसतं ती खाच. तिच्यातून बायसेप्सच्या लांब डोक्याचं टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) वर चढतं, सांध्याच्या आवरणाच्या आत शिरतं आणि सांध्याच्या खोबणीच्या वरच्या काठाला जाऊन चिकटतं. आत-बाहेर चार-पाच वेळा फिरवा. जोडीदाराने स्नायू ताठ ठेवले असतील तर काहीच कळणार नाही. तेव्हा त्याला हात पूर्ण तुमच्या स्वाधीन करायला सांगा.

एवढं झालं की मगच हाडांची पेटी उघडा. कॉलरबोनचं चपटं टोक बाहेर, गोल टोक आत, आतलं मोठं वळण पुढे फुगलेलं आणि खाच असलेली खरबरीत बाजू खाली. खवाट्याचा कंगोरा मागे, दंडाच्या हाडासाठीची खोबण बाहेर, निमुळतं टोक खाली. हाड आपल्या अंगावर त्याच जागी धरून बघितलं की डावं-उजवं ठरवायला वेळ लागत नाही. परीक्षेत याच प्रश्नावर मुलं अडखळतात.

मुख्य सांधा

आता तिसरी जागा. दंडाच्या हाडाचं गोल डोकं आणि खवाट्यावरची खोबण, यांना शाळेपासून आपण उखळीचा सांधा म्हणत आलो. खुब्याच्या बाबतीत उखळ खरोखर खोल आहे. खांद्याची मात्र इतकी उथळ की लिंबू-चमच्याच्या शर्यतीतला लिंबू आठवावा. कोणत्याही क्षणी डोक्याचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग खोबणीला टेकलेला असतो. खोबणीच्या काठाला कुर्च्यामय कडं आहे, लॅब्रम, त्याने खोली वाढते. तरी हाडाच्या आकारावर विसंबून हा सांधा जागेवर राहूच शकत नाही. सांध्याचं आवरणही सैल आहे. हात खाली असताना काखेच्या बाजूला त्याच्या चुण्या पडतात आणि हात वर गेला की त्या उलगडतात.

इतक्या सैलपणामुळेच आपण पाठ खाजवू शकतो, वेणी घालू शकतो, चेंडू फेकू शकतो. निखळण्याचा धोका हा त्याचाच दुसरा भाग. शरीरातल्या मोठ्या सांध्यांत सर्वांत जास्त निखळतो तो खांदा, आणि निखळतो तो बहुतेक वेळा पुढे व खाली. कारण खाली आवरणाला स्नायूचा आधार नाही.

निखळलेला खांदा ओळखायला आत्ता शिकलेल्या खुणाच पुरतात. खांद्याची गोलाई जाते, तो चौकोनी दिसतो, अ‍ॅक्रोमियनचं टोक उठून दिसतं आणि त्याच्याखाली बोट पोकळीत जातं. मैदानावर कुणी झटका देऊन "बसवून देतो" म्हणाला तर त्याला थांबवा. तिथे नस आणि धमनी दोन्ही जवळून जातात, हाड मोडलेलंही असू शकतं. हात आहे त्या स्थितीत झोळीत ठेवायचा आणि एक्स-रेला न्यायचं.

डोकं जागेवर धरणारे चार

खोबण धरत नाही, आवरण धरत नाही, मग धरतं कोण? खवाट्यावरून निघून दंडाच्या डोक्याला वेढणारे चार स्नायू, म्हणजे रोटेटर कफ. सबस्कॅप्युलॅरिस पुढून येऊन लहान उंचवट्यावर. सुप्रास्पायनेटस वरून, इन्फ्रास्पायनेटस आणि टेरिस मायनर मागून, हे तिघे मोठ्या उंचवट्यावर. मघाशी तुमच्या बोटाखालून सरकलेले उंचवटे ते हेच.

यांचं काम हात फिरवणं असं लिहिलेलं असतं. ते खरं आहे, पण त्याहून मोठं काम आहे ते डोक्याला खोबणीत दाबून धरण्याचं. डेल्टॉइड एकटा आकुंचन पावला तर तो दंडाचं हाड सरळ वर, अ‍ॅक्रोमियनच्या दिशेने ओढेल. कफ त्याच वेळी डोकं आत आणि खाली खेचून ठेवतो, तेव्हा कुठे हात बाजूला उचलला जातो. "पहिले १५ अंश सुप्रास्पायनेटस, मग डेल्टॉइड" हे वाक्य अजून पाठ करून घेतलं जातं. प्रत्यक्षात दोघेही सुरुवातीपासूनच कामाला लागलेले असतात. परीक्षेत विचारलं तर १५ अंश लिहा, पण पेशंट तपासताना त्यावर विसंबू नका.

बोटांनी बघायचं असेल तर कंगोऱ्याखाली तळवा ठेवा, जोडीदाराचं कोपर अंगाशी आणि ९० अंशांत, आणि त्याला पंजा बाहेर ढकलायला सांगून तुम्ही अडवा. तळव्याखाली इन्फ्रास्पायनेटस टणक होतो. सबस्कॅप्युलॅरिस खवाटा आणि बरगड्या यांच्या मध्ये लपलेला असल्याने बोटाला सहज लागत नाही, त्याची परीक्षा वेगळी. पंजाची मागची बाजू कमरेवर टेकवून तिथून हात पाठीपासून दूर उचलायला सांगायचं. उचलता आला तर तो स्नायू काम करतोय.

कफ दुखतो तेव्हा माणूस कुठे बोट दाखवतो हे लक्षात ठेवा. तो खांद्याच्या माथ्यावर न दाखवता दंडाच्या मध्यावर, बाहेरच्या बाजूला, अख्खा पंजा फिरवतो. माथ्यावर एका बोटाने नेमकी जागा दाखवली तर कॉलरबोनच्या बाहेरच्या सांध्याचा संशय घ्या. मान आणि खांदा यांच्यामधला भाग चोळत असेल तर मान तपासायला विसरू नका.

हात वर नेऊन बघा

संपूर्ण धड्यात माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग हा. जोडीदाराच्या मागे उभे राहा, अंगठा खवाट्याच्या खालच्या टोकावर ठेवा आणि त्याला हात बाजूने हळूहळू कानापर्यंत न्यायला सांगा. पहिले ३० अंश टोक जवळजवळ हलत नाही. मग ते बाहेर आणि पुढे, बरगड्यांच्या गोलाईवरून काखेकडे सरकू लागतं. हात कानाला लागतो तेव्हा ते बरंच दूर गेलेलं असतं. पेन्सिलची मूळ खूण आणि आताची जागा, दोन्ही एकत्र बघा. ही चौथी जागा.

१९४४ साली इनमन, साँडर्स आणि अ‍ॅबट यांनी या हालचालीचा हिशोब मांडला: एकूण १८० अंशांपैकी साधारण १२० मुख्य सांध्यात आणि ६० खवाट्याच्या फिरण्यातून, म्हणजे दोनास एक. प्रत्येक माणसात आणि प्रत्येक टप्प्यावर हे प्रमाण तंतोतंत राहत नाही, पण तपासायला बसताना तेवढं पुरेसं आहे. खात्री करायची असेल तर खवाटा वरून घट्ट दाबून धरा आणि जोडीदाराचा सैल हात तुम्ही उचला. ९० ते १२० अंशांच्या दरम्यान तो अडतो.

दुसरा प्रयोग स्वतःवर करा. हात अंगाशी, तळवा मागे वळवलेला. तसाच, न फिरवता, हात बाजूने वर न्या. आडव्याच्या आसपास तो अडखळेल, कारण मोठा उंचवटा अ‍ॅक्रोमियनखाली येऊन अडतो. आता तिथेच अंगठा वर येईल असा हात फिरवा. उंचवटा मागे सरकतो आणि हात मोकळा वर जातो. योगाच्या वर्गात हात वर घेताना तळवे फिरवायला लावतात त्यामागे हेच कारण आहे. अ‍ॅक्रोमियन आणि कफ यांच्या मध्ये घर्षण कमी करणारी एक पातळ पिशवी असते, बर्सा. ती किंवा तिच्याखालचं टेंडन सुजलं की साधारण ६० ते १२० अंशांच्या टप्प्यात दुखतं आणि त्याच्यापुढे पुन्हा कमी होतं.

आखडलेल्या खांद्याचं चित्र वेगळं. बॉस्टनचे सर्जन कॉडमन यांनी १९३४ मध्ये त्याला फ्रोझन शोल्डर म्हटलं. इथे सैल आवरण जाड होऊन आक्रसतं. चाळीस ते साठच्या वयात, बायकांमध्ये जरा जास्त, आणि मधुमेह असेल तर बऱ्याच जास्त प्रमाणात होतं. पाठीमागे ब्लाउजचे हूक लागत नाहीत, दोरीवर कपडे वाळत घालता येत नाहीत, अशी तक्रार असते. ओळखायची खूण सोपी आहे: कोपर अंगाशी ठेवून पंजा बाहेर फिरवून बघा. आखडलेल्या खांद्यात ही हालचाल फार लवकर जाते, आणि तुम्ही धरून फिरवलं तरी होत नाही. कफ फाटला असेल तर माणसाला स्वतःला हात उचलता येत नाही, पण तुम्ही उचललात तर बहुधा जातो. या एका फरकावर पुढचा सगळा विचार ठरतो, म्हणून प्रत्येक हालचाल आधी त्याला करू द्या, नंतर तुम्ही करून बघा.

हात वर जाताना खवाटा फिरवणारे मुख्य स्नायू दोन, मान-पाठीवरचा ट्रॅपिझियस आणि बरगड्यांवरचा सेरॅटस अँटेरियर. सेरॅटसची नस काखेच्या आतल्या भिंतीवरून उघडीच उतरते, त्यामुळे काखेच्या शस्त्रक्रियेत तिला इजा होऊ शकते. जोडीदाराला भिंतीला दोन्ही तळवे टेकवून ढकलायला सांगा. सेरॅटस लुळा पडलेला असेल तर खवाट्याची आतली कड पाठीपासून सुटून बाहेर येते.

काख

थोडक्यात उरकतो, कारण इथे जोडीदाराला गुदगुल्या होतात आणि संकोचही वाटतो. पुढची घडी पेक्टोरॅलिस मेजर या छातीच्या स्नायूची, मागची लॅटिसिमस डॉर्साय आणि टेरिस मेजर या मागच्या स्नायूंची. आतली भिंत बरगड्या आणि सेरॅटसची. बाहेरच्या बाजूला, दंडाच्या हाडावर हलकं दाबलं की नाडी लागते आणि तिच्याभोवती मानेतून उतरलेल्या नसांचं जाळं असतं. स्तनातली बहुतांश लसिका (लिम्फ) काखेतल्या गाठींकडे येते, म्हणून स्तनाच्या तपासणीत काख तपासावीच लागते. कुबड्या वापरणाऱ्याला सांगा की भार तळव्यांवर घ्यायचा. काखेत आणि कुबडीच्या वरच्या टोकात दोन-तीन बोटं जागा हवी, नाहीतर नस दबून मनगट लुळं पडतं.

इंजेक्शनची जागा

अ‍ॅक्रोमियनच्या कडेवर मघाशी काढलेली रेघ आता वापरा. तिथून खाली दोन ते तीन बोटं मोजा, आणि काखेच्या पुढच्या घडीच्या पातळीवरून दंडाभोवती एक आडवी रेघ कल्पा. या दोन्हींच्या मध्ये, दंडाच्या बरोबर बाहेरच्या बाजूला डेल्टॉइडचा जाड भाग आहे. सुई तिथे, कातडीशी ९० अंशांत.

चूक बहुतेक वेळा वर होते. बाही घट्ट असते, माणूस गळ्याकडून शर्ट खाली ओढतो, खांद्याचा फक्त माथा उघडा पडतो आणि घाईत सुई तिथेच जाते. मग औषध स्नायूऐवजी बर्सात किंवा टेंडनजवळ जाऊ शकतं आणि खांदा महिनोन्‌महिने दुखू शकतो. फार खाली किंवा मागे गेलात तर अ‍ॅक्सिलरी नस आहे. ती दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून अ‍ॅक्रोमियनच्या साधारण ५ ते ७ सेंमी खालून जाते. म्हणून बाही पूर्ण वर करायला सांगा, नसेल होत तर हात बाहीतून बाहेर काढायला लावा. माणूस बसलेला असेल तर तुम्हीही बसा, उभ्याने टोचताना हात नकळत वर जातो. ही नस डेल्टॉइडच्या खालच्या भागावरच्या कातडीला संवेदना देते. खांदा निखळलेला पेशंट आला की तिथे कापूस फिरवून जाणवतंय का ते आधी विचारा आणि लिहून ठेवा, मनगटाची नाडीही बघा. हे सगळं सांधा बसवण्याआधी करायचं.

खांदा दुखतो, पण खांद्यात काही नाही

सगळ्या हालचाली मोकळ्या, कुठेही दाबून दुखत नाही, अडवूनही दुखत नाही, तरी माणूस खांद्याकडे बोट दाखवतो. असं झालं की शोध खांद्याबाहेर न्या. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याची नस मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीवरून निघते आणि खांद्याच्या माथ्यावरच्या कातडीच्या नसाही तिथल्याच. म्हणून पडद्याला खालून त्रास झाला की दुखणं खांद्यावर जाणवतं. पित्ताशयाचं दुखणं उजव्या खांद्यावर, प्लीहेला मार लागला तर डाव्या. दुर्बिणीतून पोटाचं ऑपरेशन झालेल्या अनेकांना दुसऱ्या दिवशी खांदा दुखतो तोही पोटात भरलेल्या वायूने पडदा डिवचला गेल्यामुळे. मानेतली नस दबली असेल तर मान वळवल्यावर दुखणं वाढतं, हाताला मुंग्या येतात.

आणि डावा खांदा किंवा दंड चालताना, जिना चढताना भरून येत असेल, थांबल्यावर उतरत असेल, सोबत छातीत दाब, घाम किंवा धाप असेल, तर खांदा तपासत बसू नका. जोडीदार असो की पेशंट, त्याला चालवू नका, बसवा, तडक हॉस्पिटलात न्या आणि आधी ईसीजी काढायला सांगा.